पंचवीस वर्षांनी ब्रेक मारायला शिकलो

तुळजापूरहून दर्शन करून परतत होतो. मृगाचा पहिला शिडकावा नुकताच होऊन गेलेला, घाटाचा रस्ता ओला आणि हातात तीन महिन्यांपूर्वी घेतलेली सेकंडहँड फोर्ड मस्टँग, म्हणजे स्पोर्ट्स कार. उतारावरच्या एका वळणात समोर शेळ्यांचा कळप दिसला आणि मी दचकून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. गाडीचं मागचं अंग कडेला सरकलं. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र दोन-तीनदा लुकलुकलं, गाडी पुन्हा रेषेत आली, शेळ्या पार झाल्या.

"सावरली की नाही?" मी ऐटीत बायकोला म्हणालो.

"अहो, तुमचे हात तर जागच्या जागी गोठले होते. सावरली कुणी?"

सोलापूर येईपर्यंत मी गप्प होतो. कारण तिचं बरोबर होतं.

माझा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. गाडी शिकलो ती मारुती ओम्नीवर, मागे टॉवेलचे गठ्ठे भरून. ओम्नीसुद्धा मागच्या चाकांवरच चालायची, पण 796 सीसीच्या इंजिनात चूक करायलाही ताकद पुरत नाही. मस्टँग जीटीचं इंजिन पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं, ताकद 401 पीएस, म्हणजे साधारण चारशे घोड्यांची, आणि ती सगळी मागच्या दोन चाकांना. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो की पोरं मोबाइल काढतात. मित्र म्हणाला होता, "घेतलीस खरी, पण सोलापुरात चालवणार कुठं बे?" तेव्हा हसण्यावारी नेलं. घाटानंतर त्याच्या प्रश्नातला 'कुठं' काढून 'कशी' घातला आणि शोधाशोध सुरू केली.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे कुणी शिकवत नाही. तिथं क्लच सोडायला आणि आरटीओची परीक्षा पास व्हायला शिकवतात. शेवटी चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, स्वतःची गाडी घेऊन या, शेजारी प्रशिक्षक बसेल, असं. हा शर्यतींचा ट्रॅक 1990 पासून सुरू आहे, लांबी 3.717 किलोमीटर. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै म्हणून गाव आहे, तिथं, बंगळूर-चेन्नई महामार्गालगत. म्हणजे विजापूर रोडनं निघायचं आणि बंगळुरावरून सरळ जायचं. नऊशेच्या वर किलोमीटर. फी मला गाडीच्या दोन मागच्या टायरांपेक्षा कमी पडली. हे मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण एक्झॉस्टच्या आवाजासाठी लाखभर घालतात आणि फी ऐकून तोंड वाकडं करतात.

आधी विम्याची पॉलिसी काढून वाचली. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो. संघटित शर्यत, वेगचाचणी वगैरेंना संरक्षण नाही, असं त्यात छापलेलं असतं. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "मालक, कशाला विचारताय? सांगायचंच नाही." असला सल्ला फुकटात मिळतो आणि वेळ आली की लाखांत जातो. ट्रॅकवर गाडीला काही झालं तर खर्च माझा, हे धरूनच चाललो. तिथं गेल्यावर तशा कागदावर सहीही घेतातच.

मग ब्रेक ऑइल. हा भाग मला आधी फालतू वाटला होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 दर्जाचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हीच मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं पण ब्रेक लागत नाही. गावात फिरताना ब्रेक एवढे तापतच नाहीत, म्हणून कळत नाही. माझ्या गाडीत ऑइल कधी बदललं होतं, त्याची सर्व्हिसच्या कागदात नोंदच नव्हती. बदललं. पॅडची जाडी बघून घेतली. पुढं पहिल्याच दुपारी आमच्यातल्या एकाची गाडी ब्रेक पेडल तळाला टेकवत वळण सोडून सरळ मोकळ्या जागेत गेली. सुदैवानं जागा होती. त्यानं ऑइल बदललं नव्हतं.

सकाळी सातला गाड्यांची तपासणी. चाकांचे नट पान्यानं आवळून बघितले, गाडीतली सुटी वस्तू म्हणाल ती बाहेर काढायला लावली. पायाखालचे मॅट, पाण्याच्या बाटल्या, डिकीतला जॅक. डॅशबोर्डवर अक्कलकोट स्वामींची छोटी मूर्ती दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपनं लावलेली आहे. तपासनीस जरा घुटमळला. मीच काढून रुमालात गुंडाळली आणि बॅगेत ठेवली.

पहिला तास गाडी बंद ठेवून झाला. नुसतं बसायचं कसं, यावर एक तास! मी आपला खुर्ची मागे टाकून, एक हात स्टिअरिंगच्या डोक्यावर ठेवून बसणारा. प्रशिक्षक, वयानं माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान तमिळ माणूस, म्हणाला, "सर, ब्रेक पूर्ण दाबा." दाबला. पाय सरळ काठीसारखा झाला. "आता आणखी दाबा." दाबायला गुडघा उरलाच नव्हता. खुर्ची चार खाचा पुढं आली, पाठ उभी झाली. खांदे टेकलेले ठेवून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे, एवढं अंतर. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. आरशात बघितलं तर चाळिशीतला कारखानदार शाळेच्या बाकावर बसल्यासारखा दिसत होता.

नंतर ब्रेक. मोकळ्या डांबरावर ताशी ऐंशीनं यायचं आणि नारिंगी कोन आला की गाडी थांबवायची. मला वाटलं, यात काय शिकायचं? पहिल्यांदा थांबलो तिथं त्यानं खडूची रेघ मारली. माझी पद्धत तुमची-आमची सगळ्यांची असते ती. आधी हलका ब्रेक, मग गाडी थांबत नाही असं वाटलं की घाबरून जोरात. त्याचं म्हणणं याच्या नेमकं उलट. सुरुवातीलाच, गाडी वेगात असते तेव्हा, सगळा जोर. वेग उतरेल तसा पाय सैल करत आणायचा. ताशी 140 ला गाडीत जी ऊर्जा असते ती 100 ला असते त्याच्या जवळजवळ दुप्पट असते, म्हणजे खरं काम पहिल्या सेकंदातच असतं. आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, लागलं की पेडल पायाखाली थरथरतं. ओम्नीच्या काळात ब्रेक पंप करायची सवय लागलेली, त्यामुळे थरथर जाणवली की माझा पाय आपोआप वर यायचा. पंचवीस वर्षांत जेव्हा जेव्हा ब्रेकची खरी गरज पडली असेल, तेव्हा मी तो अर्धवट सोडला असणार. आठव्या-नवव्या वेळी थांबलो तेव्हा त्यानं दुसरी रेघ मारली. मी उतरून दोन रेघांमधलं अंतर पावलांनी मोजलं. बारा पावलं. गाडी तीच, टायर तेच.

बारा पावलांत हुतात्मा चौकात किती माणसं मावतात याचा विचार करत मी पाणी प्यायलो.

ट्रॅकवर पहिल्या फेऱ्या त्यानं मला त्याच्या गाडीत शेजारी बसवून मारल्या. गाडी कुठली, तर साधी 1.2 लिटरची हॅचबॅक, टॅक्सीवाले वापरतात तसली. सरळ पट्ट्यावर ती रडतखडत गेली, पण वळणात तिचा वेग बघून मी दाराचं हँडल धरलं. दुपारी माझ्या गाडीत मी त्याच वळणांना पोचलो तेव्हा काटा त्याच्यापेक्षा खाली होता. चारशे घोडे सरळ पट्ट्यावर कुणालाही पळवता येतात.

वळणाचा हिशोब त्यानं कागदावर काढून दाखवला. बाहेरच्या कडेनं यायचं, आतली कड गाठायची, परत बाहेर सुटायचं, म्हणजे वळण जितकं सरळ करता येईल तितकं करायचं. आतल्या कडेला गाडी सर्वांत जवळ येते त्या जागेला ॲपेक्स म्हणतात. नवख्या माणसाचा हा ॲपेक्स नेहमी लवकर येतो, कारण वळण दिसलं की हात आत ओढतात. मग पुढं रस्ता संपतो आणि नेमकं तिथं पाय उचलावा लागतो. तो मला ॲपेक्स उशिरा घ्यायला लावत होता. 'थांबा, थांबा, थांबा... आता', असं हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर. त्या तीन 'थांबा'त माझा जीव वर यायचा.

पण सगळ्यात अवघड गेलं ते बघणं. माझी नजर बॉनेटच्या पुढं वीस-पंचवीस फुटांवर असते, हे मला माहीतच नव्हतं. गावात तशीच लागते, खड्डा नाहीतर कुत्रं तिथंच असतं. तो सांगायचा, ब्रेक मारताना ॲपेक्सकडं बघा, ॲपेक्सला पोचायच्या आत बाहेर पडायच्या जागेकडं बघा. एकदा त्यानं सरळ माझ्या हेल्मेटला हात लावून डोकं फिरवलं. आणि हात डोळ्यांच्या मागं गेले, मी काही न करता. गाडी अचानक हळू वाटायला लागली, आणि वेग मात्र वाढलेला.

तो टायरच्या आवाजावरून सगळं सांगायचा. बारीक गुणगुण आली की "छान", चिरका आवाज आला की "स्टिअरिंग जास्त वळलंय, सोडा". मला आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, आठवला. वीस माग चालू असताना तो दारातून आत येतो आणि न बघता सांगतो, मालक, तिसऱ्या रांगेतला माग बिघडणारे. कान तयार व्हायला वेळ लागतो, एवढं मला कारखान्यामुळं माहीत होतं, म्हणून मी चिडलो नाही. माझ्याबरोबर शिकणारे बाकी दोघं चिडले. त्यांना फेरीला किती सेकंद लागले ते हवं होतं. पहिल्या दिवशी प्रशिक्षकानं कुणालाही फेरीची वेळ सांगितली नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. प्रशिक्षकाला तिखटाची सवय असणार असं धरून चाललो होतो, तरी तो दोनदा पाणी प्यायला आणि मग उरलेली पुडी खिशात घालून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घाटातली गोष्ट सांगितली. त्यानं टँकर बोलावून एक मोकळी जागा भिजवली, गाडीची स्थिरता सांभाळणारी यंत्रणा बंद केली आणि मला जेमतेम चाळीसच्या वेगानं गोल फिरायला लावलं. "आता शेळ्या आल्या. पाय उचला." उचलला. गाडी भिंगरीसारखी फिरली आणि आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून थांबलो. चाळीसच्या वेगात! त्यानं शांतपणे सांगितलं की पाय एकदम उचलला की गाडीचं वजन पुढं झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि वळणात असतील तर पकड सोडतात. घाटात त्या यंत्रणेनं एकेका चाकाला ब्रेक लावून मला वाचवलं होतं. पिवळं चित्र लुकलुकत होतं ते त्यासाठी.

सहा वेळा फिरलो. सातव्यांदा पाय उचलायच्या ऐवजी हळूच सैल केला, नजर जायचं तिकडं ठेवली, हात आपसूक उलटे वळले आणि गाडी थोडी डुलून सरळ झाली. बायको शेजारी नव्हती, याचं फार वाईट वाटलं.

दुपारच्या फेऱ्यांनंतर वेळा लागल्या. पहिल्या फेरीपेक्षा शेवटची सोळा सेकंदांनी कमी. टायरमधली हवा सकाळी थंड असताना 32 होती ती 38 दाखवत होती, ती कमी करून घेतली. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड केले आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढला नाही, कारण तापलेली पॅड डिस्कला तशीच दाबून ठेवायची नसतात. ही सवय अजून आहे. कारखान्याच्या फाटकातही मी चाकाला दगड लावतो आणि वॉचमन माझ्याकडं बघत राहतो.

परतीच्या वाटेवर नऊशे किलोमीटरमध्ये एकदाही मागून कुणी ओव्हरटेक केलं म्हणून राग आला नाही. विजापूरच्या अलीकडं एक ट्रॅक्टर दिवे नसलेली ट्रॉली घेऊन उलट्या दिशेनं आला. मला तो खूप लांबून दिसला.

निघताना प्रशिक्षकाला विचारलं, पुढं काय करू? गाडीत काय बदलू? तो म्हणाला, काही नाही, पुढच्या वेळी गाडी घरी ठेवून या. तुमची गाडी तुमच्या चुका ताकदीनं झाकते. कमी ताकदीच्या गाडीत वळणातला वेग गेला तर परत मिळवता येत नाही, म्हणून ती खरं बोलते. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला कारी मोटर स्पीडवे आहे, 2.1 किलोमीटरचा, तिथं छोट्या गाड्यांवर शिका.

गणपती झाल्यावरची तारीख मिळाली आहे. कुर्ला-कोइमतूर एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते, स्लीपरचं तिकीट काढलं. यावेळी शेंगाचटणी दोन किलो न्यायची आहे, त्यातली निम्मी कमी तिखट.