नोंदवहीतली ४३ मिनिटे

मुंबईतल्या एका कर्करोग संशोधन केंद्राच्या टिश्यू बँकेत मी अकरा वर्षे तंत्रज्ञ आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा जो भाग निदानासाठी लागत नाही, तो रुग्णाच्या संमतीने गोठवून संशोधकांसाठी जपून ठेवणे हे आमचे काम. गेल्या हिवाळ्यात एका उद्योगपतींच्या देणगीतून उणे ८० अंशांचे दोन नवे फ्रीझर आले आणि त्यांचा सत्कार करण्याचे ठरले. देणगी मोठी होती आणि आमची गरजही खरी होती. जुन्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर त्या वर्षी दोनदा बंद पडला होता.

मानपत्राचा मसुदा माझ्याकडे आला. तो लिहिताना सर दोराबजी टाटा सतत डोळ्यांसमोर होते. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. १९३२ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास उभा राहिला आणि त्याच जूनमध्ये दोराबजीही गेले. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, म्हणजे ते पाहायला दोघांपैकी कोणीही नव्हते. तिथेच डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचा आणि धोतर घट्ट बांधल्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचा अभ्यास केला. देणारा गेल्यावरही काम थांबू नये, अशी तजवीज त्या दानातच होती. म्हणून मी मसुद्यात एक वाक्य घातले होते, की यंत्र देणाऱ्याइतकाच ते यंत्र रात्रंदिवस चालते ठेवणाराही दाता असतो. सत्काराच्या प्रसंगी आणखी मागितल्यासारखे वाटेल, असे सांगून समितीने ते काढले. ते वाक्य राहायला हवे होते, असे मला आजही वाटते.

सत्काराच्या दिवशी सकाळी गालाच्या आतल्या कर्करोगाची एक शस्त्रक्रिया होती. आदल्या संध्याकाळी संमतीपत्र समजावताना त्या बाईंनी मला विचारले होते, "ताई, याचा मला काही उपयोग होईल का?" नाही होणार, झाला तर पुढे दुसऱ्या कुणाला होईल, असे मी सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि सही केली.

या कामात सगळा खेळ मिनिटांचा असतो. गाठ शरीराबाहेर आली की तिचा रक्तपुरवठा संपलेला असतो, पण पेशी लगेच मरत नाहीत. त्या उपासमारीला तोंड देत राहतात, काही जनुके चालू होतात, काही बंद पडतात आणि कोणती जनुके चालू आहेत हे सांगणारा नाजूक रेणू, आरएनए, तुटू लागतो. संशोधकाला हवी असते ती रुग्णाच्या शरीरातली गाठ, बाहेर गुदमरलेली नव्हे. म्हणून आमच्याकडे ३० मिनिटांची मर्यादा आहे. त्यातच पॅथॉलॉजिस्टने गाठ पाहून, कडांना धक्का न लावता आपल्यासाठीचा तुकडा काढून द्यायचा असतो. मग त्याचे डाळीएवढे भाग करून, कुप्यांत भरून, ते द्रव नायट्रोजनमध्ये सोडायचे.

त्या दिवशी ११ वाजून १० मिनिटांनी गाठ निघाल्याचा फोन आला आणि बराच वेळ कोणीच आले नाही. पाहुण्यांसाठी लिफ्ट तळमजल्यावर अडवून ठेवली होती. सहाव्या मजल्यावर बर्फाचा डबा धरून नमुने आणणारे आमचे शिपाई मामा लिफ्टची वाट पाहत उभे होते. त्यांचे गुडघे दुखतात, तरी शेवटी ते जिन्याने निघाले. मी चौथ्या मजल्यावर त्यांना गाठले, डबा घेतला आणि दुसऱ्या मजल्यावर पॅथॉलॉजिस्टकडे धावले. कुप्या नायट्रोजनमध्ये पडल्या तेव्हा ११ वाजून ५३ मिनिटे झाली होती. ज्या माणसाने नमुने जपण्यासाठी पैसे दिले, त्याच्याच स्वागतापायी नमुना खोळंबला, आणि हे व्यवस्थेतल्या एकाच्याही ध्यानात आले नाही.

मी नोंद करत असतानाच पाहुणे आत आले. "उठा," अशी खूण मला झाली. हातात चिमटा होता, म्हणून मी उठले नाही. त्याचे त्यांना काही वाटले नाही. उलट ते वाकून नोंदवही वाचू लागले. सगळ्या रांगेत १९, २४, २२ असे आकडे होते आणि खाली ४३. "हा आकडा वेगळा का?" त्यांनी विचारले. मी सांगितले, "नमुना उशिरा पोहोचला." "का?" मागे आमचे वरिष्ठ उभे होते. मी म्हटले, "आज जरा गर्दी होती." त्यांनी मान डोलावली आणि ते पुढे गेले.

मला सलते ते हे उत्तर. ज्यांनी आयुष्यभर कारखाने चालवले, त्यांना माल कुठे आणि कशामुळे अडकतो हे एका वाक्यात कळले असते. इतक्या नेमक्या आकड्यावर बोट ठेवणारा पाहुणा मी अकरा वर्षांत दुसरा पाहिलेला नाही. यंत्राला लागणारी वीज, नायट्रोजन, दुरुस्तीचा करार, डबा घेऊन धावणारी दोन माणसे यांविषयीही त्यांनी कदाचित विचारले असते. मानपत्रातून गाळलेले वाक्य उच्चारण्याची संधी माझ्यासमोर उभी होती आणि मी ती घालवली.

त्या कुप्या आता नव्या फ्रीझरच्या तिसऱ्या कप्प्यात आहेत. डीएनएच्या तपासणीला त्या चालतील, आरएनएच्या कामासाठी मी त्या कुणाला देणार नाही. पाहुणे गेल्यावर मी नोंदवहीतला विलंबाच्या कारणाचा रकाना भरला : "लिफ्ट सत्कारासाठी राखीव होती."