जुन्याच मापाचं शिवा

सकाळी आमच्या कॉलनीत कचऱ्याची गाडी येते. गाडीवरचं गाणं कोपऱ्यावरून ऐकू आलं की पटापट दारं उघडतात आणि घराघरांतले पुरुष डबे घेऊन बाहेर पडतात. स्वच्छतेत २०१७ पासून सलग सात वर्षं पहिला नंबर लावलेल्या इंदूरचा हा रोजचा सोहळा. ओला कचरा इकडे, सुका तिकडे, शिस्त अशी की बघत राहावं. मी मात्र बघते ते डबा धरणाऱ्यांच्या अंगावरचे कपडे. गळ्यापाशी जाळी झालेला बनियन. गुडघ्यांना फुगे आलेला पायजमा. मुलाला कुठल्याशा मॅरेथॉनमध्ये फुकट मिळालेला, मागे प्रायोजकांची यादी असलेला टी-शर्ट. यांतले एक बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेत, दुसऱ्यांच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात. म्हणजे प्रश्न पैशांचा नाही.

पुरुषांच्या कपड्यांना बढती नसते, नुसती उतरंड असते. ऑफिसचा शर्ट कॉलर झिजली की घरात येतो, घरातून रात्रीच्या झोपेत जातो आणि शेवटी स्कूटर पुसायला लागतो. माणूस निवृत्त झाला की या उतरंडीची वरची पायरीच गळून पडते. ऑफिसचे कपडे घेणं बंद, आणि घरचे म्हणून जे असतात ते मुळातच ऑफिसमधून बाद झालेले. साठीनंतरची वीस-पंचवीस वर्षं मग बाद कपड्यांतच निघतात, आणि यात काही चुकतंय असं घरातल्या कोणालाच वाटत नाही.

कोणी ही उतरंड मोडलीच तर त्याची चौकशी होते. बाईने ठेवणीतली साडी नेसली तर लोक साडीबद्दल बोलतात, पुरुषाने बरा शर्ट घातला तर कारण विचारतात. आमच्या शेजारचे काका सत्तरीचे. एका रविवारी पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून कोपऱ्यावर पोहे-जिलबी खायला गेले. पोहेवाल्यासकट सगळ्यांनी विचारलं, "क्या बात है, आज किसका रिश्ता पक्का करने जा रिये हो?" काका म्हणाले, "पोहे खाने आया हूँ." कोणाचा विश्वास बसेना. पुढच्या रविवारी काका पुन्हा मॅरेथॉनच्या टी-शर्टात.

माझं मत असं झालंय की बहुतेक पुरुषांनी आपले कपडे स्वतः कधी निवडलेलेच नसतात. आधी आई घेते, मग बायको, मग सून. उरलेली कसर आहेर भरून काढतो. प्लॅस्टिकच्या खिडकीच्या पेटीत पुठ्ठ्याला गुंडाळलेला शर्टपीस आणि पँटपीस आमच्या समाजात ज्या वेगाने फिरतो, त्या वेगाने नोटाही फिरत नसतील. रंग ठरलेले: बिस्किटी, राखाडी, फिकट निळा. कोणालाच नको असलेले आणि कोणाचीच हरकत नसलेले. आमच्या कपाटात अशा पेट्यांची चळत आहे. त्यातली एक तर इंदूर, पुणे, बडोदा अशी वारी करून आमच्याकडेच परत आली. पेटीच्या कोपऱ्यात सासूबाईंच्या अक्षरातलं नाव होतं म्हणून ओळखू आली.

हे असंच कायम नव्हतं. फ्लूगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली मांडलं होतं की अठराव्या शतकाच्या अखेरीला युरोपातल्या पुरुषांनी नटण्याचा हक्क आपणहून सोडला. रंग, लेस, भरतकाम बायकांकडे गेलं आणि पुरुषांकडे गडद कोट उरला. आपल्याकडे हा त्याग बराच उशिरा आला, आणि बहुधा कचेरीच्या दारातून आला. त्याआधी पगडी होती, अंगरखा होता, खांद्यावर काठाचं उपरणं होतं, कानात मोत्यांची भिकबाळी होती, आणि हे सगळं घालणारी माणसं लढाया करत होती. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले तेव्हा तिथल्या मागांवर साड्यांबरोबर पगडीचं कापडही निघायचं. साडी टिकली. पगडी आता मंचावर पाहुण्यांच्या डोक्यावर पाच मिनिटं बसते आणि फोटो झाला की पिशवीत जाते.

इंदूरकराला उदाहरणासाठी लांब जायलाही नको. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची दोन चित्रं प्रसिद्ध आहेत, दोन्ही बर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढलेली. १९२९ च्या चित्रात विशीतले महाराज विलायती मेजवानीच्या काळ्या पोशाखात आहेत. त्यानंतर चार-पाच वर्षांनी काढलेल्या चित्रात तेच महाराज पांढऱ्या मराठा पोशाखात, गळ्यात 'इंदूर पेअर्स' म्हणून ओळखले जाणारे, पेअर फळाच्या आकाराचे दोन टपोरे हिरे. माणूस तोच, कपडे दोन जगांतले, आणि दोन्हींत तो सारखाच सहज. त्यांनी बांधून घेतलेल्या माणिकबागेत पुढे करखात्याची कचेरी आली. तिथे ये-जा करणाऱ्यांचे कपडे मी मुद्दामच पाहिलेले नाहीत.

यावर आमच्याकडचं उत्तर तयार असतं. "राजेच ते. त्यांच्याकडे कपडे सांभाळायला माणसं होती," हे म्हणतात. खरं आहे. हिरे बाजूला ठेवू. पण त्या दोन्ही चित्रांत कपडे घालणाऱ्याच्या मापाचे आहेत, आणि माप ही गोष्ट लोकमान्य नगरातल्या पेन्शनरालाही परवडते.

मापाचं महत्त्व मला नानांमुळे कळलं. नाना माझे वडील, वय ७९. तरुणपणी ते इथल्या एका गिरणीत कापडखात्यात होते. इंदूरच्या गिरण्या एकेक करून थंडावल्या, हुकुमचंद मिलही १९९१ मध्ये बंद पडली, त्या सुमारास नानांनी कापड सोडून हिशेबाची कामं धरली. बोटांच्या चिमटीत धरून सूत ओळखणारा हा माणूस त्यानंतरची सगळी वर्षं आहेरातल्या टेरिकॉटमध्ये वावरला. गेल्या हिवाळ्यात घरात लग्न निघालं, तेव्हा मी हट्टाने त्यांना राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्यांच्या जुन्या शिंप्याकडे घेऊन गेले. दुकानात आता त्या शिंप्याचा मुलगा बसतो. तोही साठीचा, पण त्यालाही सगळे मास्टरजीच म्हणतात.

नाना पायरीवरूनच म्हणाले, "नाप की जरूरत नहीं, पुराने नाप का ही सी दो." मास्टरजींनी वही काढली. नानांचं पान खरोखरच सापडलं, वडिलांच्या हातचं, शाई तपकिरी झालेलं. त्यांनी एकदा पानाकडे बघितलं, एकदा नानांकडे, आणि टेप गळ्यातून काढला.

पुरुष शिंप्यापुढे जितकं खोटं वागतात तितकं डॉक्टरपुढेही वागत नसतील. टेप कमरेला लागला की पोट आत जातं, छाती बाहेर येते. मास्टरजींना हे पाठ आहे. ते टेप तसाच धरून मुद्दाम गप्पा काढतात, पाऊसपाण्याच्या, बाजारभावाच्या, नातवाच्या. बोलता बोलता श्वास सुटतो. मग ते आकडा वाचतात. नाना याला फसले आणि नंतर हसलेही.

मग मास्टरजींनी जे सांगितलं ते इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. वय झालं की वजन तेच राहिलं तरी अंगाची ठेवण बदलते. पाठ किंचित वाकते, खांदे पुढे येतात. जुन्या मापाचा शर्ट अशा अंगावर मागून वर चढतो, पुढून लोंबतो आणि कॉलर मानेपासून सुटून उभी राहते. लोकांना वाटतं माणूस थकलाय, थकलेला असतो शर्ट. त्यावर उपाय म्हणजे पाठीची उंची थोडी वाढवायची, पुढची थोडी कमी करायची, तीरा, म्हणजे खांद्याचं माप, नव्याने घ्यायचा. मान बारीक झालेली असते, म्हणून गळाही नव्याने. बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं जावीत, अख्खा हात नव्हे. पँटचा घोटाळा तर उघड दिसतो. पोटाखाली पट्ट्याने आवळलेली पँट दिवसभर घसरते, आसन लोंबतं, मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, बुटांवर गोळा होते. तीच पँट बेंबीच्या जवळ घेतली, पुढे दोन प्लेट दिल्या आणि खाली बुटावर जेमतेम टेकेल इतकी ठेवली की माणूस दोन इंच उंच दिसतो. याला जिम लागत नाही.

यानंतर कापड. मी आणलेला आहेरातला तुकडा नानांनी चिमटीत धरला आणि बाजूला सारला. मास्टरजींकडे महेश्वरी सुताचा एक गडद मेंदी रंगाचा ठाण होता. नानांनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला, काठाचा दोरा ओढून बघितला. "पन्हा किती?" छत्तीस इंची निघाला. "मग अडीच मीटर लागेल. अट्ठावन इंची असतं तर एक साठमध्ये झालं असतं. आणि शिवण्याआधी पाण्यातून काढा, आटेल हे." मास्टरजी मान डोलवत होते. मी नानांना इतक्या अधिकाराने बोलताना कितीतरी वर्षांनी ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "कॉलर पलटने लायक रखना." म्हणजे झिजली की उलटी करून पुन्हा लावता येईल अशी. मास्टरजी म्हणाले, "बाबूजी, अब कोई पलटवाता नहीं है." नाना म्हणाले, "मैं पलटवाऊँगा." ७९ व्या वर्षी कॉलर झिजेपर्यंतचा हिशेब मांडणाऱ्या माणसाशी वाद कोण घालणार?

मेंदी रंगाबद्दल घरी कुजबुज झालीच. या वयात इतका गडद? खरं तर याच वयात. केस पांढरे झाल्यावर बिस्किटी रंगात माणूस भिंतीत मिसळून जातो. गडद निळा, मेंदी, मरून, हे रंग पांढऱ्या केसांना उठाव देतात, आणि तरुणांना तो फायदा मिळत नाही. रंगाची भीती बाळगणाऱ्यांनी निदान पांढरा तरी खरा पांढरा घालावा, नीळ-खळ केलेला.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. चौसष्टाव्या वर्षी मुलाची स्लिम फिट जीन्स, छातीवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव, लग्नात पडद्याच्या कापडाची वाटावी अशी चकचकीत शेरवानी. मेहनत त्यातही असते, पण ती सगळी मुलासारखं दिसण्यात जाते, आणि मुलगा शेजारीच उभा असतो. केस रंगवण्याला माझी हरकत नाही. फक्त मिशी आणि डोकं एकाच दिवशी रंगवावं.

माळव्यात राहून कपड्यांची हौस करायची नाही हा तर करंटेपणाच. 'शब-ए-मालवा' म्हणून इथल्या रात्रींची ख्याती आहे. मे महिन्याच्या दुपारी काही घालवत नाही हे कबूल, पण सूर्य कलला की वारा सुटतो आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट सुखाचा वाटतो. डिसेंबर-जानेवारीत बंद गळ्याचा कोट हवाच. 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेलं की सभागृहाच्या पायऱ्यांवर मी लोकांचे कपडे न्याहाळते. बायका नाटकाला आलेल्या दिसतात, पुरुष बायकांना सोडायला.

माझ्या भावाचं म्हणणं, म्हाताऱ्यांना कशाला हे ओझं. त्याला क्रिकेटचं वेड आहे, म्हणून त्याला कर्नल सी. के. नायडूंचं उदाहरण देते. १८९५ चा जन्म, १९३२ मध्ये भारताचे पहिले कसोटी कर्णधार, होळकरांच्या संघाचा कणा, आणि शेवटचा प्रथम श्रेणी सामना १९६३-६४ च्या हंगामात, वयाच्या ६८ व्या वर्षी. म्हणजे त्या सकाळीही त्यांनी पांढरी विजार चढवली, पॅड बांधले आणि ते मैदानात उतरले. भाऊ म्हणतो, ते खेळायला जात होते. मग पोहे खायला जाणाऱ्याने काय पाप केलंय?

लग्न झालं. नाना मेंदी रंगाच्या शर्टात आणि वर घेतलेल्या पँटमध्ये दोन दिवस मांडवात हिंडले, तिसऱ्या दिवशी तोच शर्ट स्वतः इस्त्री करून भाजी आणायला गेले. मास्टरजींकडे आता दुसरा शर्ट पडलाय, या खेपेला निळा, आणि ट्रायलसाठी नाना एकटेच जाणार आहेत कारण "तू मध्ये फार बोलतेस". लग्नातून आहेराच्या तीन पेट्या घरी आल्या. नानांनी झाकण न उघडता प्लॅस्टिकच्या खिडकीवरूनच रंग बघितले, एकीचा कोपरा दाबून कापड चाचपलं आणि तिन्ही माझ्याकडे सरकवल्या.

"टेरिकॉट. बडोद्याला पाठव. आणि पेन आण, नाव खोडावं लागेल."