स्पायरल बेव्हल गिअर : कटरवरचे आकडे कसे वाचायचे

‘९ इंची कटर लावा’ एवढ्यावर स्पायरल बेव्हलचं (शंकूच्या आकाराच्या, वळणदार दातांच्या गिअरचं) काम भागत नाही. व्यास सगळे बघतात, घोटाळा होतो तो कटर नंबरात. (हे सगळं ग्लीसन फेस मिलिंगबद्दल आहे, म्हणजे एकेक खाच कापून झाली की गिअर पुढच्या खाचेवर फिरवायचा ती पद्धत. न थांबता सलग कापणाऱ्या फेस हॉबिंगचं गणित वेगळं.)

आधी नंबरच घेऊ. कटरची टोकं दाताच्या बुडाच्या रेषेला समांतर चालतात आणि ही रेषा पिच रेषेला (जोडीचे दात जिथे एकमेकांवर लोळतात असं मानतात, त्या रेषेला) तिरकी असते. त्यामुळे दोन्ही ब्लेडचे कोन सारखे ठेवले, तर दाताच्या दोन बाजूंना वेगवेगळा प्रेशर अँगल (दाताच्या बाजूचा उतार) मिळतो. हा फरक भरून काढायला आउटसाइड ब्लेडचा (बाहेरच्या कडेने कापणाऱ्या ब्लेडचा) कोन कमी आणि इनसाइडचा (आतल्या कडेने कापणाऱ्याचा) तेवढाच जास्त ठेवतात. नंबरातला प्रत्येक १ म्हणजे कोनाची १० मिनिटं (६० मिनिटं म्हणजे १°). २०° प्रेशर अँगलच्या १२ नंबरी कटरला आउटसाइड १८° आणि इनसाइड २२° असतो.

नंबर काढायला पिनियन (जोडीतला लहान गिअर) आणि गिअरच्या डेडेंडम अँगलची (पिच रेषा आणि बुडाची रेषा यांच्यातल्या कोनाची) बेरीज मिनिटांत घ्या, २०ने भागा आणि स्पायरल अँगलच्या (दाताच्या लांबीतल्या तिरकेपणाच्या) साइनने गुणा. १°३०′ आणि २°५०′ मिळून २६० मिनिटं. स्पायरल अँगल ३५° असेल तर उत्तर ७.४६, म्हणजे ७½ नंबर. त्याऐवजी हाताशी आहे म्हणून १२ नंबर चढवला, की रंग लावून बघताना एका बाजूचा ठसा दाताच्या माथ्याकडे आणि दुसऱ्या बाजूचा बुडाकडे सरकलेला दिसतो.

व्यास आणि पॉइंट विड्थ (आउटसाइड आणि इनसाइड ब्लेडच्या टोकांमधली रुंदी) मात्र एकत्र वाचा. दोन्ही बाजू एकदम कापणाऱ्या ९ इंची (२२८.६ मिमी) कटरची पॉइंट विड्थ २.५४ मिमी असेल, तर टोकाशी आउटसाइड ब्लेडचा व्यास २३१.१४ आणि इनसाइडचा २२६.०६ मिमी. आउटसाइड ब्लेड अंतर्वक्र बाजू कापतं, इनसाइड बहिर्वक्र. पिनियनच्या दोन बाजू बहुधा वेगवेगळ्या कटरने फिनिश करतात. तिथे नाममात्र व्यास कामाचा नाही, टोकाचा व्यासच बघायचा. एकेक बाजू कापताना पॉइंट विड्थ खाचेच्या सर्वांत अरुंद जागेपेक्षा मोठी असेल तर समोरची बाजू खरवडली जाते. फार लहान असेल तर बुडाशी मधोमध कंगोरा राहतो.

ब्लेडच्या टोकाच्या गोलाईची त्रिज्याही तपासा. ती गरजेपेक्षा मोठी असेल तर जोडीच्या दाताचा माथा फिलेटला (दाताच्या बुडाशी असलेल्या गोलाईला) घासतो.

धार लावताना ब्लेडचा फक्त समोरचा चेहरा, ठरलेल्या रेक अँगलनेच (त्या चेहऱ्याच्या तिरकेपणानेच) घासायचा. तो कोन बदलला की प्रत्यक्ष प्रेशर अँगलही बदलतो, आणि कटरवर कोरलेला नंबर मात्र तोच दिसत राहतो.