शून्याचा रुबाब

जुन्या बॉक्सिंग विजेत्यांची क्रमवारी लावायला चार जण बसले की पहिला आकडा निघतो तो रॉकी मार्सियानोचा. ४९ लढती, ४९ विजय, हार शून्य. हे शून्य पुढे केलं की समोरच्यानं गप्प बसावं, अशी अपेक्षा असते. तो कसला बसतोय! तो फ्लॉइड मेवेदरचे ५० काढतो. मग तिसरा उसळतो, की त्यातली पन्नासावी लढत कॉनर मॅकग्रेगरशी, आणि तो २०१७ साली व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पहिल्यांदाच उतरलेला! तसं म्हटलं तर मार्सियानोनं १९५१ मध्ये लोळवला तो जो लुईही ३७ वर्षांचा होता, कराच्या थकबाकीपायी निवृत्ती मोडून आलेला. नोंदवहीत दोन्ही विजय सारखेच. तिथे वयाचा रकानाच नसतो.

मला या शून्याचं भारी कौतुक कधी वाटलं नाही. माझा माणूस शुगर रे रॉबिन्सन, आणि त्याच्या खात्यावर १९ पराभव आहेत. त्यातला पहिला बघा. सलग ४० लढती जिंकून हा गडी ५ फेब्रुवारी १९४३ ला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटासमोर उभा राहिला. लामोटा वरच्या वजनगटातला, अंगानं जड. आठव्या फेरीत त्यानं रॉबिन्सनला दोरांमधून थेट रिंगबाहेर फेकलं आणि लढत गुणांवर जिंकली. आता पहिली हार पचवायला माणूस किती दिवस घेईल? त्याच महिन्याच्या २६ तारखेला, त्याच शहरात, रॉबिन्सननं त्याच लामोटाला हरवलं. मधल्या काळात आणखी एक लढत उरकून! पुढे १९५१ पर्यंत तो एकदाही हरला नाही. उरलेल्या बहुतेक हारी उतारवयातल्या. मुहम्मद अलीचंही तेच. पाच पराभवांपैकी शेवटचे दोन, १९८० आणि १९८१ चे, तो नुसता उभा राहून मार खात होता तेव्हाचे. मार्सियानो ३२ व्या वर्षी थांबला, हा त्याचा शहाणपणा. पण शहाणपणाचे गुण ठोशांच्या खात्यात का जमा करायचे?

हॅरी ग्रेबवर मात्र वाद घालावा तरी कसा? १९२२ मध्ये त्यानं पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या जीन टनीला हरवलं. टनीच्या आयुष्यातली ती एकमेव हार. पण ग्रेबच्या कितीतरी लढतींना अधिकृत निकालच नाही. अमेरिकेत काही राज्यांत तेव्हा कायदाच असा होता, की नॉकआउट झाला नाही तर कोणी जिंकलं नाही. पैज लावणारे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमीदारानं कोणाला सरस ठरवलंय ते बघून पैसे चुकते करायचे. आणि ग्रेबच्या एकाही लढतीची फिल्म आज उपलब्ध नाही. तरी त्याला पहिल्या पाचांत घालणारे ठामपणे घालतात. (मीही घालतो.)

एकदा हा वाद यंत्राकडूनही मिटवून घ्यायचं ठरलं. १९६९ मध्ये निवृत्त मार्सियानो वजन उतरवून, टकलावर टोप चढवून अलीसमोर कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. सैन्यात जायला नकार दिल्यानं ओढवलेल्या बंदीमुळे अलीही तेव्हा रिकामाच होता. दोघांनी फेऱ्यांमागून फेऱ्या खेळल्या, शेवट वेगवेगळे चित्रित केले आणि कॉम्प्युटरनं कौल दिला: तेराव्या फेरीत मार्सियानो अलीला नॉकआउट करतो. हा कौल कळण्याआधीच मार्सियानो विमान अपघातात गेला होता. कॉम्प्युटरला माहिती कोणी पुरवली होती, यावर लगेच नवा वाद सुरू झाला.