कार्ड बघ गं आधी

वसुबारस, रात्री साडेदहा

आज गच्चीवर नऊ मुलं होती. काल पाचच होती. सुट्टीत कॉम्प्युटरशिवाय कोडिंग शिकवणार म्हटल्यावर खालच्या वहिनींनी विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय शिकवणार?" आज त्यांनीच दोघांना वर पाठवलं, चिवड्याच्या डब्यासकट.

गेरू सारवून नऊ बाय नऊ ठिपके काढले. एकाने यंत्र व्हायचं. कार्डावर लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःचं काही घालायचं नाही, आणि चालताना चिमटीतून रांगोळीची रेघ सोडत जायची. कार्ड मी लिहिलं होतं : "चार ठिपके पुढे. मग उजवीकडे. असं चार वेळा." चौकोन यायला हवा होता.

शेजारचा चौथीतला मुलगा यंत्र झाला. घरी तेलुगू, शाळेत मराठी. वर्गात फारसं तोंड उघडत नाही म्हणे. तो चार ठिपके पुढे गेला, न वळता एक ठिपका उजवीकडे सरकला, पुन्हा चार पुढे, पुन्हा एक उजवीकडे. तिसऱ्या खेपेला ठिपके संपले. तो थांबला नाही, रेघ थेट तुळशीच्या कुंडीकडे निघाली. पोरं ओरडली, "अय, वळ की बे!" आणि मीही मोठ्याने म्हणाले, "अरे, कुठे चाललास?" त्याची चिमूट सुटली, रांगोळी पायावर सांडली. मान खाली गेली ती वर येईना.

खुर्चीतून बाबा म्हणाले, "कार्ड बघ गं आधी."

बाबांनी सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यात तीस वर्षं जेकार्डच्या मागावर चादरी विणल्या. पुठ्ठ्याच्या कार्डांची ती माळ माझ्या लहानपणी मला आगगाडीसारखी वाटायची. एका कार्डात आडव्या धाग्याची एक फेर. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. फुलं, मोर, सगळं त्यातूनच. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जाकारने (त्याच्याच नावावरून 'जेकार्ड') हे यंत्र १८०४च्या सुमारास केलं आणि पुढे इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजासाठी, कार्डांची कल्पना तिथूनच घेतली. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी तडक घरी फोन केला होता.

बाबांनी मुलांना जवळ बसवून सांगितलं, "चादर उलगडली आणि चूक एकाच जागी असली, तर धागा तुटला असेल. पण दर फुलात त्याच जागी तीच चूक आली, तर विणणाऱ्याला बोलायचं नाही. कार्ड काढून बघायचं."

मी कार्ड परत वाचलं. "उजवीकडे" लिहिलं होतं, "वळ" कुठेच नव्हतं. पोराने अक्षरशः लिहिलं तसंच केलं होतं, आणि दर खेपेला तेच केलं होतं. मी त्याच्यासमोर बसून सांगितलं, की चूक माझ्या कार्डात होती, तू बरोबर चाललास. हे सगळ्यांसमोर म्हणणं मला गरजेचं वाटलं, कारण ओरडलेही सगळ्यांसमोरच होते.

अंधार पडल्यावर पणत्या मांडल्या. पाच. उजवीकडून डावीकडे १, २, ४, ८, १६. पेटलेल्या मोजायच्या, विझलेल्या सोडायच्या. प्रत्येकाने आपल्या वाढदिवसाची तारीख लावली. एकीची १९ : सोळा, दोन आणि एक. मग एकाला सुचलं की पाचही पेटवल्या तर ३१ होतात, म्हणजे महिन्याची कुठलीही तारीख पाच पणत्यांत बसते! त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. तेवढ्यात वाऱ्याने सोळाची पणती गेली आणि त्या मुलीची १९ तारीख ३ झाली. ती रडवेली झाली, तर यंत्र झालेलाच मुलगा म्हणाला, "एकदाच झालंय. धागा तुटला." आणि काडी ओढून त्याने पणती लावली.

आत्ता आवरताना ते कार्ड हाती आलं. मागच्या बाजूला पेन्सिलीने, खाडाखोड करून, त्याच्या अक्षरात : "चार ठिपके पुढे. थांब. जागेवरच उजव्या हाताकडे तोंड फिरव. असं चार वेळा." आणि खाली, "तुळस आली तर थांब."