आमची वाटचाल: वर्मांचे 'वमार्' झाले तेव्हा

नागपूरच्या प्रतापनगरात एका घराच्या वरच्या खोलीत २०१३ साली आम्ही दुकान मांडलं. आम्ही म्हणजे मी, माझा मावसभाऊ आणि एक कूलर. मे महिन्यात कूलरचं पाणी संपलं की कॉम्प्युटरच्या आधी आम्हीच बंद पडायचो. पहिलं गिऱ्हाईक कळमना बाजारातले अडते. शेतकऱ्याला द्यायची हिशेबाची पट्टी कॉम्प्युटरवर काढून देणं, एवढंच काम.

त्यांच्याकडची जुनी नावं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये होती. त्यात अक्षर डोळ्यांना जसं दिसतं तसं टाइप करायचं. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अगदी शेवटी. युनिकोडला, म्हणजे आताच्या सर्वमान्य पद्धतीला, दोन्ही उलटं लागतं. 'वर्मा' नीट उतरवायचा तर मागचा रफार उचलून 'म'च्या आधी आणावा लागतो, नाहीतर 'वमार्' छापून येतं. ही उचलठेव करणारा प्रोग्राम आम्ही पायथन या भाषेत लिहिला आणि २०१७ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांसाठी खुला केला. बाबांना वाटलं, पोरं घरचं ताट रस्त्यावर मांडून बसली.

कोडची ओळ आत सरकवायला मावसभाऊ टॅबवाला, मी चार स्पेसवाला. पायथनची पेप ८ नियमावली चार स्पेस सांगते, हे मी त्याला ऐकवायचो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आठ जागांचा टॅब चालतो, हे तो मला. दोघंच होतो तोवर तर्री-पोह्यांसोबत हे भांडण चवीला बरं होतं. बाहेरची माणसं कोड पाठवू लागली तसा त्याचा आजार झाला.

एका मुलाने आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या' अशी विनंती, आमच्याकडे पाठवली. काम चोख होतं. मी त्यावर सतरा शेरे मारले. स्वल्पविरामानंतर जागा सोड, इथे एकेरी अवतरण नको, ओळ लांब झाली. पंगतीत वाढायला आपणहून उठलेल्या पोराला बादली कशी धरायची यावरून झापावं, तसा प्रकार. तो परत आला नाही. या धंद्यात पैसे बुडाले त्याचं दुःख ओसरलं, याचं नाही.

मग वर्माजींचं प्रकरण. एकाने मोजून तीन ओळींची दुरुस्ती पाठवली, पण त्याच्या एडिटरने सगळ्या टॅबचे स्पेस केले आणि ओळींची शेवटची खूणही बदलली. विंडोज ओळ संपवायला दोन खुणा ठेवतं, लिनक्स एकच. त्यामुळे डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या कोडच्या तुलनेत, अकराशे ओळी बदललेल्या दिसल्या. त्या गर्दीत रफार हलवणारी एक ओळ चार जागा आत सरकून भलत्याच 'इफ'च्या अटीखाली गेली होती. पायथनमध्ये ओळीच्या आधीची जागा म्हणजेच अर्थ. मावसभावाने ते आमच्या कोडमध्ये मर्ज करून टाकलं. आठवड्याने कळमन्यातून फोन आला, "राजे हो, वर्माजीचं नाव काय करून ठेवलं?"

मी मावसभावाला विचारलं, "काहून बे, वाचून नाही पाहिलं?"

"अकराशे ओळी कोण वाचते?"

त्याचं बरोबर होतं. मीही वाचल्या नसत्या.

त्या रात्री ब्लॅक बसवला. २०१८ पासूनचा हा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारा प्रोग्राम, फारसं काही विचारत नाही. ओळ ८८ अक्षरांची, अवतरणं दुहेरी, टॅबची सुट्टी. फॉरमॅट केल्यावर कोडचा अर्थ तोच राहिला ना, हेही तो स्वतः तपासतो. वर्माजींनंतर मला तेवढंच हवं होतं. आधी उघड्या पुल रिक्वेस्टी निकाली काढल्या, नाहीतर प्रत्येकीत कॉन्फ्लिक्ट, म्हणजे बदलांची टक्कर, झाली असती. मग सगळा कोड एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत, फॉरमॅट केला, त्यात दुसरा एकही बदल नाही. ओळींच्या शेवटच्या खुणेचा नियम बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या ॲट्रिब्यूट्स फाइलीत लिहिला.

मावसभावाची तक्रार रास्त होती. आता ब्लेम, म्हणजे कुठली ओळ कोणी बदलली याची गिटची यादी, काढलं की प्रत्येक ओळीवर माझंच नाव, जणू सगळं मीच लिहिलं. त्यावर २०१९ मध्ये गिट २.२३ ने उपाय दिला. अशा कमिटचा क्रमांक एका फाइलीत नोंदवायचा आणि ती फाइल ब्लेमला दाखवायची, मग ते कमिट वगळलं जातं. त्याचं श्रेय त्याला परत मिळालं.

एक चूक मात्र केलीच. ब्लॅकचं व्हर्जन पक्कं केलं नाही. त्याची शैली साधारण दर जानेवारीला थोडी बदलते. माझ्याकडे नवं, त्याच्याकडे जुनं. दोन दिवस एकमेकांच्या ओळी उलटसुलट करत बसलो. आता व्हर्जन प्री-कमिटच्या, म्हणजे कमिटआधी तपासणी करणाऱ्या साधनाच्या, फाइलीत बांधलंय, आणि पुल रिक्वेस्ट आली की तपासणी यंत्रच करतं. नव्या माणसाला जागा सोडायला मी सांगत नाही. सांगितलं तर रफाराबद्दल सांगतो.

अक्षरांचा तक्ता तेवढा ब्लॅकच्या तावडीतून सोडवला. कृतिदेवची खूण डावीकडे, युनिकोडचं अक्षर उजवीकडे, मधल्या जागा हाताने जुळवलेल्या. पहिल्याच झटक्यात त्याने त्या खाऊन टाकल्या होत्या. म्हणून तक्त्याच्या वर 'फॉरमॅट बंद' आणि खाली 'सुरू' अशी सूचना टाकली. परवा मावसभावाने तिथे 'ऱ्ह'ची नवी ओळ घातली. टॅब देऊन.