रायबंदरच्या पायरीवरून

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी सव्वाआठला मी गोव्यात रायबंदरला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. पोटऱ्यांत गोळे आलेले, गालांवर मिठाची पांढरी रांगोळी. धावायचे ठरवले होते २७ किलोमीटर, झाले होते २१. सायकलवरून पाव विकत जाणारा पोदेर थांबला. "कितें जालें? बस चुकली?" मी हो म्हटलं, त्याच्याकडून दोन पोळ्या (इथले पाव) घेतल्या आणि खरोखरच बस पकडून पणजीतल्या मळा भागात घरी आलो.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला नाव घातलं होतं. ४२.१९५ किलोमीटर. दहा-बारा किलोमीटर मी वर्षानुवर्षं पळत आलोय, त्यामुळे रविवारची लांब धाव म्हणजे तेच जरा जास्त वेळ, अशी माझी समजूत. मळ्यातून मिरामारला जाऊन परत, मग पाटो, कॉजवे, रायबंदर, जुने गोवे आणि उलट घरी. सगळं सपाट. तरी सलग तीन रविवार मी कुठे ना कुठे बसलोच. पायांत दम नाही, वय झालं, असं स्वतःशी म्हणून झालं. (वय ४४. बायकोला हे कारण फार आवडलं होतं.)

पायरीवर बसलो त्या दिवशी घरी आल्यावर सहज वजनकाट्यावर उभा राहिलो. निघताना ६८.४ होतं, आता ६५.९. वाटेत अर्धा लिटर पाणी प्यायलो होतो, ते धरलं तर जवळजवळ तीन लिटर घाम गेला होता. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि वाळला नाही तर अंग थंड कसं होणार? त्यात मी सहाला निघायचो, म्हणजे परतीच्या वेळी कॉजवेवर ऊन तोंडावर नसलं तरी पाठीवर बसलेलंच. पोर्तुगीजांनी १६३३-३४ साली बांधलेला हा रस्ता तीनेक किलोमीटरचा. दोन्हीकडे पाणी, कांदळवन, मिठागरं, आणि सावली म्हणाल तर जवळपास नाहीच. बघायला सुंदर. एकोणिसाव्या किलोमीटरनंतर कोण बघतो!

दुसरी चूक घड्याळाची. किलोमीटरला सव्वासहा मिनिटं हा माझा दहा किलोमीटरचा वेग, तोच मी लांब धावेला लावत होतो. वेग कमी केला की मिरामारला ओळखीची माणसं पुढे जायची आणि मला ते सोसायचं नाही. शरीरात साठवलेली साखर साधारण तीसेक किलोमीटरपर्यंत पुरते म्हणतात, पण ती जपून खर्चली तर. मी पहिल्या तासातच उधळून मोकळा व्हायचो.

मग पहाटे चारला निघायला लागलो, किलोमीटरला सव्वासात मिनिटं या वेगाने. पहिले दोन रविवार हे धावणं आहे की देवळाला प्रदक्षिणा, असं वाटत राहिलं. चारला रस्त्यावर माणूस नसतो, कुत्री मात्र कामावर असतात. पाटोजवळच्या टोळीपुढे मी आजही चालत जातो, मान खाली घालून. कातडी घासून सोलू नये म्हणून मांड्यांना आणि काखेत खोबरेल, छातीवर दोन पट्ट्या. पट्ट्या विसरलो तर काय होतं ते एकदा पांढऱ्या बनियनवर उमटलं, पुन्हा विसरलो नाही.

घामातून जाणाऱ्या मिठाचा प्रश्न आयेने सोडवला. मी धावताना खायच्या जेलची महागाची पाकिटं आणली होती, गोड चिकट, तिसऱ्याला मळमळायचं. ती म्हणाली, "आगळ घाल रे पाण्यात, त्यात मीठ असतंच." बाटलीत आगळ, म्हणजे कोकमाचा खारट रस, थोडा गूळ. दर वीस मिनिटांनी चार घोट, तहान लागो न लागो. जोडीला खजूर. घरी आलो की उकड्या तांदळाची पेज आणि तोराचं, म्हणजे कैरीचं, लोणचं. पहिल्या वाडग्याला मी कुणाशी बोलत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मिरामारच्या पुढे दोना पावलापर्यंत जाऊन, मग जुने गोवे करून ३२ पूर्ण केले. चार तासांना थोडा कमी वेळ. वजन फक्त नऊशे ग्रॅमनी उतरलं. रायबंदरला तोच पोदेर दिसला. या वेळी त्याने काही विचारलं नाही, नुसता भोंपू वाजवला.

आता पुढच्या रविवारपासून शेवटची पाच किलोमीटर पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढावर घ्यायची आहेत. मुंबईत पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर येतो, पाय संपत आल्यावर, आणि माझा सगळा सराव सपाटीवरचा.